सातवा रकाना

आमचे नोंदणीचे भाऊसाहेब वर गेले तेव्हा चित्रगुप्ताची वही त्यांनी आधी स्वतःकडं ओढून घेतली असणार, कोऱ्या रकान्यांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढून ती परत केली असणार आणि तोवर मागच्या सगळ्यांना रांगेत उभं केलं असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कोरा रकाना पाहून इतका हबकणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. साप दिसला की माणसं ओरडतात. भाऊसाहेब ओरडत नसत. ते चष्मा काढत, धोतराच्या सोग्याला पुसत, पुन्हा लावत, आणि रकाना अजूनही कोराच आहे अशी खात्री पटली की अर्जदाराकडं बघून हळूच विचारत, "ही जागा काय पाव्हण्याला झोपायला ठेवलीय का?" बिचारा अर्जदार! त्याला वाटायचं आपल्या हातून काहीतरी भलतंच पाप घडलं.

माझी-त्यांची गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळात. आमच्या सहकारी संघानं लोहाऱ्याच्या बाहेर माळावर गुरांची छावणी काढली होती. मी नुकताच नोकरीला चिकटलेला, ते वीस वर्षं मुरलेले. एकाच हुकमानं आमची दोघांची रवानगी तिथं झाली आणि राहायला खोलीही एकच मिळाली. छावणीत जनावर घालायचं तर सायक्लोस्टाईल केलेला एक अर्ज भरावा लागे. त्यात चौदा रकाने. जनावराची जात, रंग, वय, शिंगं, अंगावरची खूण असं सगळं झालं की सातव्या रकान्यात पशुमालकाचं नाव, मग त्याच्या वडलांचं नाव, गाव, वय, जमीन आणि शेवटी सही किंवा अंगठा. चौदा भरले की जनावराच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, आणि बिल्ला असेल त्यालाच चारा. तेरा भरले तर अर्ज परत. माणसं माकणीकडून उन्हातान्हात गुरं हाकत आलेली असायची, आणि हा गृहस्थ त्यांना शिंगांच्या रकान्यापायी माघारी धाडायचा! पहिल्या दिवशी मी नुसता आ वासून बघत राहिलो.

बरं, रकान्यात काहीतरी खरडून सुटका होईल म्हणाल, तर तेही नाही. कुणी जमिनीच्या रकान्यात आडवी रेघ मारली की भाऊसाहेबांचा चेहरा पडायचा. "रेघ म्हंजे उत्तर न्हवं," ते म्हणत. "रेघ म्हंजे तुमी हितनं पळून गेलात." जमीन नसेल तर पूर्ण अक्षरांत 'लागू नाही' असं लिहायचं, लिहिता येत नसेल तर मोठ्यानं म्हणायचं, मग ते स्वतः लिहून घेणार. पंधरा दिवसांत सगळ्या माळाला त्याची सवय लागली. एका दुपारी मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, चहा घेणार का?" तर म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "लागू न्हाय." मी कपाळावर हात मारून घेतला.

वयाच्या रकान्याचं तर विचारूच नका. आमच्या भागात शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून ही जन्मतारीख टाकायचे, ते सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांना मान्य. भाऊसाहेबांना अमान्य. एका गावचे अर्ज बघता बघता ते एकदम उभेच राहिले. "पन्नास माणसं, समदी एक जूनला जन्मली? त्या दिवशी गावाला दुसरं कामच न्हवतं का?" मग एकेकाची तपासणी सुरू झाली. एका गृहस्थाला त्यांनी विचारलं, "रझाकार आले तवा तुमी केवढे होता?"

"म्हशीच्या पाठीवर बसत होतो की."

"एकटे, का कुणी धरून?"

"एकटाच."

"मग आठ वर्सं धरा," असं म्हणून त्यांनी हिशेब मांडला आणि समाधानानं वय लिहिलं. बैलाच्या वयाला मात्र त्यांची कधी हरकत नसे. बैल तोंड उघडून दात दाखवतो, त्याला जून-जुलै माहीत नसतो, असं त्यांचं मत होतं.

हे कचेरीपुरतं असतं तरी मी सोसलं असतं. पण हा माणूस घरात, लग्नकार्यात, जिथं जाईल तिथं रकाने पाडायचा! मी सुट्टीवर गावी गेलो असताना त्यांना पत्र टाकलं, तर माझंच पत्र आठ दिवसांनी मला परत. तारीख घालायची राहिली होती, तिथं लाल गोल. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा आमचे वडील मोठ्या हौसेनं त्यांना बरोबर घेऊन गेले. मुलीचे वडील म्हणाले, "पोरगी असंल एकोणीस-वीसची." झालं. भाऊसाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "एकोणीस, का वीस?" घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात आतून मुलीचाच आवाज आला, "येत्या संक्रांतीला वीस सरतील." भाऊसाहेब खूश! बाहेर पडताना माझ्या कानात म्हणाले, "हीच करा. काही कोरं ठेवत न्हाय." ती मी केली. पुढं चाळीस वर्षं तिनं खरोखर काही कोरं ठेवलं नाही, पण तो विषय वेगळा.

तर छावणीत महिना-दीड महिना गेला असेल, आणि एका सकाळी रांगेत एक धनगराची म्हातारी येऊन उभी राहिली. तिची एक म्हैस आधीपासून छावणीत होती, बिल्ला होता, चारा मिळत होता. आज तिच्या मागं एक वळू होता. पांढरा, उंचापुरा, पण बरगड्या मोजून घ्याव्यात असा. उजव्या मांडीवर त्रिशूळ डागलेला. म्हणजे महादेवाला सोडलेला वळू. असं जनावर कुणाच्या दावणीला नसतं. गावभर फिरतं, कुणाच्याही रानात तोंड घालतं, आणि कुणी त्याला काठी मारत नाही. पण त्या वर्षी तोंड घालायला रानच नव्हतं.

भाऊसाहेबांनी सहा रकाने झरझर भरले. खुणेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'त्रिशूळ' लिहिलं. सातव्याला त्यांनी मान वर केली. "मालक कोण?"

"देवाच्या जनावराला कसला मालक, भाऊसाहेब?" म्हातारी म्हणाली. "ऱ्हाऊ द्या की तेवढं कोरं."

कोरं! भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. कुणीतरी मागून सुचवलं, मग महादेवाचंच नाव घाला की. सूचना बरी होती. भाऊसाहेबांनी विचारही केला. मग आठव्या रकान्यावर पेन्सिल ठेवून म्हणाले, "वडलांचं नाव?" गुरवाला बोलावणं गेलं. गुरव म्हणाला, देव स्वयंभू आहे, वडील नाहीत. भाऊसाहेबांनी मनापासून लिहिलं, 'लागू नाही'. गावाच्या रकान्यात कैलास आलं, वयाच्या रकान्यात अनादी आलं, जमिनीशी थोडं अडलं तिथं गुरवानं देवळाचा ओटा सांगितला. मी थक्क होऊन बघत होतो, की आता हा माणूस हे खरंच पार पाडतो की काय! पण चौदाव्या रकान्यापाशी गाडी रुतली. सही अथवा अंगठा. गुरव दोन पावलं मागं सरला. त्यानं अंगठा दिला असता तर चाऱ्याच्या वेळी रोज दोनदा त्यालाच हजर राहावं लागलं असतं. अर्ज परत झाला.

मी मध्ये पडलो. "आजी, तुमचंच नाव लावा. कागदावर तर लावायचं. जनावर वाचंल."

म्हातारी माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच ओशाळलो. "ल्येकरा," ती म्हणाली, "आमचा म्हातारा आजारानं जायला लागला तवा म्या नवस बोलले, आन् ह्यो गोऱ्हा देवाला सोडला. म्हातारा पाच वर्सं जगला. आता चाऱ्यापायी म्हनू, ह्यो माझाय म्हनून? मंग ती पाच वर्सं काय फुकट घेतली का म्या देवाकडनं?"

ती वळूला घेऊन बाजूला झाली आणि म्हशीच्या वाट्याचा चारा आला की त्यातला अर्धा त्याच्यापुढं टाकायला लागली. आठ दिवसांत म्हशीच्याही बरगड्या दिसायला लागल्या. वळू तर बसला की त्याला उठवायला चौघं लागायची. दुसरा कुणी आपल्यातलं देईल म्हणाल, तर प्रत्येकाचं जनावर डोळ्यांपुढं झुरत होतं.

नवव्या दिवशी माझा तोल सुटला. खोलीत भाऊसाहेब भाकरी थापत होते आणि मी तोंडाला येईल ते बोललो. "एवढा कसला हो तुमचा रकाना? जनावर डोळ्यांदेखत मरायलंय, आन् तुमाला पेन्सिलीचं पडलंय! कोरा सोडला तर आभाळ कोसळंल का?"

ते रागावले नाहीत. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "माझ्या पहिल्या नोकरीत एका अडाणी माणसाच्या अर्जावर एक रकाना कोरा सोडला होता म्या. उगी घाई होती म्हणून. साहेबाच्या टेबलावर जाईपर्यंत तिथं दुसऱ्याचंच नाव भरलेलं. सरकारकडनं मिळायची त्याची घरजागा गेली. बायकापोरं घेऊन तो माझ्या दारात येऊन बसायचा, बोलायचा काही न्हाय, नुसता बसायचा." मग म्हणाले, "गरिबाची जागा कोरी ऱ्हायली की भरायला दुसराच येतो." त्यांची ती भाकरी करपली. दोन महिने एका खोलीत काढून मला या माणसाचा पत्ताच लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडलं, ते सांगितलं तर आजही माणसं मला खोटं पाडतात. नोंदणीच्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती. भाऊसाहेब रांगेत उभे होते! हातात अर्ज, टोपी सरळ केलेली, पुढं सात-आठ शेतकरी. मला खुर्चीवर बसवून त्या शेतकऱ्यांचे अर्ज त्यांनी माझ्याकडून तपासून घेतले. त्यांचा नंबर आला तसा त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, वळसा घालून आत आले, मला उठवलं, खुर्चीवर बसले आणि स्वतःचाच अर्ज वाचायला लागले. सातव्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं. खोटी नोंद! भाऊसाहेबांच्या हातची! पेन्सिल एकेका रकान्यावरून खाली खाली सरकत गेली आणि अकराव्यावर थांबली. जमीन. घाईत तिथं काही लिहायचं राहिलं होतं. त्यांनी तिथं लाल गोल काढला, टेबलाच्या पलीकडं हात लांबवून अर्ज परत ठेवला, उठले, वळसा घालून पलीकडं गेले, अर्ज उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

कुणी हसलं नाही हो. चाळीसेक माणसांत एकजणही नाही. 'लागू नाही' लिहून ते दुसऱ्यांदा आले आणि अर्ज मंजूर झाला. त्यांनी स्वतःच्या हातानं वळूच्या गळ्यात बिल्ला बांधला. म्हातारी जवळ आली. "भाऊसाहेब, पाप घेतलंत की ओ अंगावर," ती म्हणाली, त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळून तिनं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. भाऊसाहेब नुसतं एवढंच म्हणाले, "रकाना भरायचा होता, आजी."

तिथून पुढं छावणी उठेपर्यंत हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पशुमालक म्हणून रांगेत उभा राहिला. चारा मोजून घ्यायचा, सही करायचा, वळूपुढं टाकायचा, मग येऊन खुर्चीवर बसायचा. वळू सावरला. दुष्काळ सरला, छावणी बंद व्हायची वेळ आली, आणि तेव्हा लक्षात आलं की 'जनावर ताब्यात मिळाले' अशी सही करून प्रत्येक मालकानं आपलं जनावर घेऊन जायचं आहे. भाऊसाहेबांनी सही केली. म्हातारीच्या गावाकडं वळूला हाकलायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, पण तो पठ्ठ्या आमच्या मागं मागं लोहाऱ्यात आला आणि आमच्या खोलीच्या दारात बसला. घरमालक अंगावर धावून आला. "दोन माणसांना खोली दिली होती!" भाऊसाहेबांनी त्याला शांतपणे भाडेचिठ्ठी दाखवली, तिच्यात राहणाऱ्यांची संख्या लिहायचा रकानाच नव्हता. एकदा त्या वळूनं खिडकीतून तोंड घालून तपासलेल्या अर्जांचा आख्खा गठ्ठा खाल्ला. माझ्यासारख्यानं त्याला बडवला असता. भाऊसाहेब नुसते म्हणाले, "पूर्ण भरलेले होते ना? मग पचतील."

म्हातारी अधूनमधून लोहाऱ्याच्या बाजारला यायची. वळूच्या पाठीवरून हात फिरवायची, भाऊसाहेबांची ख्यालीखुशाली विचारायची, पण 'माझा' असा शब्द तिनं कधी काढला नाही आणि 'तुमचा' असाही काढला नाही. भाऊसाहेबही वळूचा विषय निघाला की खाली बघायचे. ती गेली, तेव्हा ते आणि वळू दोघंही तिच्या मातीला चालत गेले. वळू पुढं, हे मागं.

पुढं माझी बदली धाराशिवला झाली. ऐंशीचं दशक सरता सरता आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि तो शिकायला मला बसवलं. त्यातही रकाने! एखादा कोरा सोडून पुढं जायला लागलं की यंत्र टुंग करायचं आणि जागचं हलायचं नाही. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच, भाऊसाहेब मागं येऊन उभे राहिलेत असं वाटलं मला! मी लगोलग पत्र टाकलं, तारीख घालून. ते तेव्हा निवृत्त झाले होते. पहिल्या एसटीनं आले. मी त्यांच्यासमोर रकाना कोरा सोडला. टुंग. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! पाच-सहा वेळा त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. मग अचानक विचारलं, "आन् खोटं लिहिलं तर?"

"मग घेतं, भाऊसाहेब," मी म्हणालो. "कोरं तेवढं चालत नाही त्याला."

त्यांनी चष्मा काढला. पुसत राहिले, पुसतच राहिले. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. आखलेला, सुवाच्य अक्षरात भरलेला, त्यांनी स्वतः तयार केलेला. वर लिहिलं होतं, 'मृत जनावराची नोंद'. "मागच्या महिन्यात गेला," ते म्हणाले. "दारातच बसल्या जागी. पंचायतीत गेलो, तहसीलीत गेलो. असल्या नोंदीचा अर्जच न्हाय म्हणाले."

मी वाचायला लागलो. जात, रंग पांढरा, वय दातांवरून, शिंगं, खूण त्रिशूळ. सगळं होतं. मृत्यूची वेळसुद्धा होती. आणि सातवा रकाना कोरा. मी कागद तीनदा वाचला. सवयीनं माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला, इतकी माझी खात्री, की म्हाताऱ्याकडून वयोमानानं राहिलं!

भाऊसाहेबांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या," ते म्हणाले. "ते बरोबर हाय. आजीनं तवाच सांगितलं होतं." त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग म्हणाले, "तेवढा कागद तुमच्यापाशी ठिवा. तिथं कुणी नाव घालू नये."

भाऊसाहेबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. कागद माझ्या कपाटात आहे, घड्यांवर पिवळा पडलाय. मुलं कपाट आवरायला काढतात तेव्हा विचारतात, दादा, हा अर्धवट राहिलेला कागद फेकू का? मी तो त्यांच्या हातातून घेतो, सातवा रकाना तसाच आहे ना ते बघतो, आणि परत जागेवर ठेवतो.